एका हंगामाची जोडी

तिला टेनिस खेळायला कुणी बोलावलंच नव्हतं. बोलावलं होतं ते एका विमा एजंटाला. दर रविवारी सकाळी क्लबच्या कोपऱ्यातल्या कोर्टावर चौघं जण दुहेरी खेळायचे: औषधांच्या दुकानाचे मालक, एक निवृत्त मुख्याध्यापिका, बँकेतल्या एक बाई आणि हा एजंट. एका रविवारी एजंट आलाच नाही. खेळ मोडायची वेळ आली, तेव्हा मुख्याध्यापिकांचं लक्ष कुंपणापाशी उभ्या असलेल्या मुलीकडे गेलं.

ही मुलगी म्हणजे लिफ्टच्या मेकॅनिकची लेक. क्लबच्या इमारतीची लिफ्ट वर्षाचे बारा महिने बिघडलेली असायची, त्यामुळे बाप तिथेच पडीक आणि बापाबरोबर लेकही. इमारतीच्या मागच्या भिंतीवर ती एका जुन्या रॅकेटने चेंडू बडवत बसायची. भिंतीला कधी कंटाळा आला नाही आणि हिलाही नाही. त्या रविवारी औषधवाल्यांनी तिला सांगितलं, नुसती नेटजवळ उभी राहा, मधे मधे करू नकोस. तिने ऐकलं असतं तर पुढची गोष्टच घडली नसती.

अकरा वर्षांच्या त्या पोरीला पहिल्या दहा मिनिटांत जे कळलं ते पुष्कळांना जन्मभर कळत नाही. औषधवाले दोन पावलांपलीकडे हलत नाहीत, हे तिने पाहिलं आणि तिसऱ्या पावलापासूनचं कोर्ट स्वतःकडे घेतलं. पुढच्या रविवारी मुख्याध्यापिका तिच्या बाजूला आल्या. त्या चेंडू मारायच्या आधीच "चुकलं हं माझं" म्हणायच्या. तेव्हा हिने प्रत्येक फटक्याला "छान" म्हणायला सुरुवात केली, आणि तिसऱ्या गेमपासून बाईंचे फटके खरंच आत पडायला लागले. बँकेतल्या बाई मधला प्रत्येक चेंडू "तुझा" म्हणून सोडून द्यायच्या, तर हिने मधला चेंडू कायमचा आपल्या नावावर करून टाकला. ज्याच्याबरोबर उभं राहायचं त्याला हवं तसं व्हायचं, एवढंच तिला येत होतं.

महिन्याभराने एजंट परत आला. क्लबचं उसनं रॅकेट परत गेलं आणि मुलगी पुन्हा कुंपणाबाहेर. कुणी वाईट वागलं नाही, उलट सगळ्यांनी तिची पाठ थोपटली. पण जागा एजंटाची होती.

पुढे क्लबातल्या प्रशिक्षकाने तिला हाताशी धरलं, जिल्ह्याच्या स्पर्धा झाल्या, राज्याच्या झाल्या, आणि विशीच्या आत ती पैसे मिळवून खेळणाऱ्या बायकांच्या जगात येऊन पोहोचली. एकेरीत मात्र तिचं घोडं कायम पेंड खायचं. त्यातलं काही तिला येत नव्हतं असं नाही. पण एकेरीत कोर्टावर आपण एकट्याच, मग जुळवून घ्यायचं कुणाशी? पात्रता फेरीत यायची, पहिल्या दिवशी हरायची आणि बॅग आवरायला लागायची. अशीच एकदा ती बॅग आवरत असताना दारावर टकटक झाली. समोरच्या खोलीतल्या खेळाडूची जोडीदारीण पोट बिघडून आडवी झाली होती. दुपारी बारापर्यंत नावं घालायची होती. येतेस का?

ती गेली. दोघींची भाषा एक नव्हती. तिने चार शब्द शिकून घेतले: माझा, तुझा, मागे आणि सॉरी. त्या चार शब्दांवर दोघी उपांत्य फेरीपर्यंत गेल्या. त्यानंतर तिची ख्याती पसरली ती पसरलीच. कुणाची मांडी आखडली, कुणाचं लग्न निघालं, कुणाचं भांडण झालं की फोन हिला. त्या सगळ्या वर्तुळात तिचं नाव पडलं 'बदली'. कुणी टोचून म्हणत नव्हतं. लाडानेच म्हणत होतं. पण नाव ते नावच.

दुहेरीच्या जोड्या कशा जुळतात हे बाहेरच्याला सांगून पटत नाही. स्पर्धेच्या कचेरीत ठरलेल्या दिवशी दुपारी बारापर्यंत दोघींची नावं एकत्र घालायची. दोघींच्या क्रमांकांची बेरीज जितकी कमी, तितकी जागा पक्की. बारा वाजले की यादी बंद, मग साक्षात ब्रह्मदेव आला तरी जोडी बदलत नाही. त्यामुळे आदल्या दोन दिवसांत हॉटेलच्या नाश्त्याच्या खोलीत जे चालतं, ते पाहून वधूवर सूचक मंडळाच्या माणसांनीही मान खाली घालावी. कोण कुणाच्या टेबलावर जाऊन बसली, कुणी कुणाला टोस्ट पुढे केला, कोण कुणाकडे पाठ करून बसली, सगळ्यांचं सगळ्यांवर लक्ष. जोड्या जुळतात नाश्त्याला आणि मोडतात लिफ्टमध्ये, कारण लिफ्टमध्ये मजला आला की बोलणं आपोआप संपतं.

बदलीने या खेळात एक नियम पाळला होता. ती कुणाला विचारायची नाही. विचारलं की समोरचीला नाही म्हणता येतं. फोनची वाट पाहिली की नाही ऐकायची वेळच येत नाही. आणि फोन यायचा. ती गावोगाव फिरली, हॉटेलच्या बेसिनमध्ये मोजे धुतले, केस वाळवायच्या यंत्राने ते वाळवले, आणि तऱ्हेतऱ्हेच्या बायकांशेजारी उभी राहिली. एक प्रत्येक गुणानंतर रॅकेटच्या तारांशी भांडायची. एक कुणाशीच बोलायची नाही, फक्त फोनवर आपल्या मांजराशी बोलायची, आणि हरल्यावर सांत्वनही मांजरच करायचं. सगळ्यांशी बदलीचं जमलं. सगळ्यांच्या जोडीदारणी पंधरा दिवसांत, महिन्याभरात बऱ्या झाल्या, आणि सगळ्या आपापल्या जोडीदारणीकडे परत गेल्या.

आई दर आठवड्याला फोन करायची. तिला टेनिसमधला गुण आणि गेम यांच्यातला फरकही कधी कळला नाही, पण नेमकं दुखेल तिथे बोट ठेवण्यात ती पटाईत होती. एकदा तिने विचारलं, "काय गं, इतक्या जणींबरोबर खेळतेस, कुणीच कशी धरून ठेवत नाही तुला? काही वाईट वागतेस का?"

बदली हसली. म्हणाली, आई, आमच्यात असंच असतं. आईने "असेल बाई" म्हणून विषय बदलला आणि शेजारणीच्या गुडघ्यांची हकिकत सुरू केली. पण तो प्रश्न बदलीच्या मनातून गेला नाही. वय तिशीच्या पुढे सरकलं, तसं तिला एक स्वच्छ कळत गेलं. तिला मोठी स्पर्धा जिंकायची हौस राहिली नव्हती. तिला एक पूर्ण हंगाम एकाच जोडीदारणीबरोबर खेळायचा होता. पहिल्या स्पर्धेपासून शेवटच्या स्पर्धेपर्यंत, एकच नाव. एवढं झालं असतं तर ती सुखाने निवृत्त झाली असती. अर्थात हे तिने कुणाला सांगितलं नाही, कारण सांगणं म्हणजे विचारण्यासारखंच.

चौतिसाव्या वर्षी तिला डावखुरी भेटली. हॉटेलच्या तळघरात कपडे धुवायची यंत्रं होती, तिथे दोघी आपापल्या कपड्यांची वाट बघत बसल्या होत्या. डावखुरी विशीतली, उंच, आणि बोलायला लागली की थांबायची नाही. तिने आपल्या आजीच्या मोतीबिंदूपासून सुरुवात केली, मधे दोन प्रशिक्षकांची निंदा केली, आणि यंत्र शेवटची गरगर फिरत असताना त्याच दमात म्हणाली, "पुढचं वर्षभर खेळशील का माझ्याबरोबर?"

बदलीला वाटलं, यंत्राच्या आवाजात आपण काहीतरी भलतंच ऐकलं. "वर्षभर?"

"हो. तुला आधीच कुणी विचारलंय का?"

कुणी विचारलेलं नव्हतं. तिने ओल्या मोज्यांसकट हो म्हटलं.

तो हंगाम असा काही गेला की बदलीला स्वतःचाच हेवा वाटावा. डावखुरीची सर्व्हिस बाहेर वळायची, समोरचीचा चेंडू लोंबकळत नेटकडे यायचा, आणि तिथे बदली उभीच असायची. दोघींनी एक छोटी स्पर्धा जिंकली, मग जरा मोठी. खोली एकच घ्यायच्या. डावखुरी झोपेतही बडबडायची. बदलीला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणाची सवय झाली, आणि सवय झाल्याची भीतीही वाटायला लागली.

हंगामाचे थोडेच आठवडे उरले होते, तेव्हा चिन्हं दिसायला लागली. डावखुरी एका सकाळी नाश्त्याला दुसऱ्याच टेबलावर दिसली, आणि ते टेबल होतं राणीसाहेबांचं. राणीसाहेब म्हणजे दुहेरीतली पहिल्या क्रमांकाची खेळाडू. चालायच्या अशा की मागून कुणीतरी पदर उचलून धरला आहे. दुसऱ्या दिवशीही तेच टेबल. सराव अर्ध्यातच थांबायला लागला. "आज एवढं पुरे," म्हणून डावखुरी खाली बघायची. बडबड आटली. फोन टेबलावर पालथा ठेवला जाऊ लागला. राणीसाहेबांचं आपल्या जोडीदारणीशी फाटलंय अशी कुजबुज तर आधीपासूनच होती.

यातलं एकेक लक्षण बदलीला तोंडपाठ होतं. जोडी मोडायच्या आधी बायका कशा वागतात, हे तिच्याइतकं कुणी पाहिलं नव्हतं, कारण मोडल्यावर पहिला फोन तिलाच यायचा. तिने मनाशी पक्कं केलं की पोरगी चालली. दोन दिवस ती चांगलं जेवलीही नाही. मग तिने ठरवलं की निदान हे नीट करायचं. पोरीला लिफ्टमध्ये शब्द शोधायला लावायचे नाहीत. आपणच बाजूला व्हायचं.

नावं घालायच्या दिवशी सकाळी तिला 'तोफ' भेटली. तोफ म्हणजे जबरदस्त सर्व्हिसची, रुंद खांद्यांची, दिलखुलास बाई. जोडीदारीण घरी निघून गेल्यामुळे मोकळी होती. तिने सहज विचारलं, मोकळी आहेस का? बदली म्हणाली, आहे. दोघी कचेरीत गेल्या, चष्मेवाल्या बाईंसमोर नावं घातली. बाईंनी चष्म्यावरून एकदा पाहिलं आणि लिहून घेतलं. बदली बाहेर पडली तेव्हा तिला आपण फार मोठ्या मनाच्या आहोत असं वाटत होतं. हा तिचा भ्रम पाऊण तास टिकला.

डावखुरी तिला जिन्यात भेटली. ती कचेरीतूनच येत होती. डाव्या मनगटाला पट्टी होती, आणि ती पट्टी लपवायचं आता तिला सुचलंही नव्हतं.

"तू नाव घातलंस," ती म्हणाली.

बदलीने तयार ठेवलेलं वाक्य म्हणून टाकलं. तिला सगळं कळलंय, राग नाही, राणीसाहेबांबरोबर खेळायची संधी कुणीच सोडू नये.

डावखुरीने पट्टीचा हात तिच्यासमोर धरला. मग जे बाहेर आलं ते एवढंच होतं की राणीसाहेबांना मागच्या वर्षी हेच मनगटाचं दुखणं झालं होतं, आणि त्यांच्यावर उपचार करणारा माणूस फक्त नाश्त्याच्या वेळी मोकळा असायचा. हिचं मनगट तीन आठवड्यांपासून दुखत होतं. हंगाम संपेपर्यंत कसंही करून ओढायचं, असं तिने ठरवलं होतं.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"कसं सांगणार? सगळे म्हणतात, बदली एक दिवस रिकामी राहत नाही. माझं दुखतंय म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी तू दुसरीबरोबर असतीस." तिने कचेरीच्या दाराकडे मान वळवली. "आणि मी सांगितलं नाही, तरी आहेसच."

बारा वाजून गेले होते. डावखुरी जिना चढून निघून गेली आणि बदली तिथेच कठड्याला धरून उभी राहिली. आपल्याला कुणी धरून ठेवत नाही, हे दुःख ती इतकी वर्षं कवटाळून बसली होती. आपणही कुणाला धरून ठेवलेलं नाही, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिला स्वतःची मनापासून लाज वाटली.

यापुढे देवाने तिची थट्टा करायचं ठरवलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिला पहिल्या फेरीत हरून मोकळं व्हायचं होतं, आणि तोफेची सर्व्हिस काही परत येईना. मुद्दाम हरणं तिच्या रक्तात नव्हतं. समोर चेंडू आला की हात आपोआप जायचा आणि गुण मिळायचा. पहिली फेरी जिंकल्या, दुसरी जिंकल्या, उपांत्य फेरीत टायब्रेक हरता हरता तोफेने दोन बिनतोड सर्व्हिस टाकल्या आणि बदलीला आनंदाने अशी मिठी मारली की बरगड्या मोजता याव्यात. रोज वरच्या रांगेत डावखुरी हात गळ्यात बांधून बसायची, टाळ्या वाजवायची नाही, कारण एका हाताने वाजत नाहीत, आणि वाजल्या असत्या तरी तिने वाजवल्या नसत्या. अंतिम सामनाही दोघींनी जिंकला. बदलीच्या कारकिर्दीतलं ते सगळ्यांत मोठं विजेतेपद. त्या दिवशीच्या फोटोत तोफ कानापर्यंत हसते आहे आणि बदलीच्या चेहऱ्यावरून वाटावं की तिची दाढ ठणकते आहे.

बक्षीस समारंभ आटोपल्यावर ती घामेजल्या कपड्यांतच वर गेली. खोलीचं दार उघडंच होतं. डावखुरी एका हाताने बॅग भरायचा प्रयत्न करत होती आणि चेन लागत नव्हती. बदलीने खाली बसून चेन लावून दिली. मग उठली नाही, तिथेच जमिनीवर बसली.

"मी आजपर्यंत कुणाला विचारलेलं नाही," ती म्हणाली, "म्हणून कसं विचारतात ते मला येत नाही. पुढचं वर्ष माझ्याबरोबर खेळशील का?"

डावखुरी म्हणाली, मनगटाचं ऑपरेशन आहे, कधी खेळता येईल कोण जाणे. बदली म्हणाली, मी थांबेन. डावखुरीने "बघू" म्हटलं आणि टॅक्सी आल्याचं निमित्त करून बॅग उचलली. बघू म्हणजे बहुतेक वेळा नाहीच, हे दोघींनाही माहीत होतं.

आठवडाभराने फोन वाजला. दस्तुरखुद्द राणीसाहेब. त्यांच्या जोडीदारणीशी खरोखरच फाटलं होतं, आणि वर्षाअखेरची, फक्त निवडक जोड्यांची स्पर्धा तोंडावर आली होती. त्या स्पर्धेचं दारसुद्धा बदलीने कधी पाहिलं नव्हतं. राणीसाहेबांनी तारीख सांगितली, विमान सांगितलं. बदलीच्या होकाराची त्यांना गरज वाटत नव्हती. तो आजवर प्रत्येकीला मिळाला होता.

"माझी जोडी ठरलेली आहे," बदली म्हणाली.

राणीसाहेबांना नकार ऐकायची सवय नव्हती आणि बदलीला द्यायची नव्हती, त्यामुळे फोन कसा ठेवायचा हे दोघींनाही कळेना. शेवटी दोघींनी एकमेकींच्या आयांच्या तब्येतीची चौकशी केली आणि संपवलं.

दुसऱ्या दिवशी डावखुरीचा फोन आला. राणीसाहेब सगळीकडे सांगत सुटल्या होत्या.

"ठरलेली आहे म्हणालीस म्हणे. मी तर अजून हो म्हटलेलं नाही."

"नाही तरी कुठे म्हटलंस?"

"तेही म्हटलेलं नाही."

"मग झालं तर."

डावखुरी हसली, आणि मग लगेच तिच्या आजीच्या दुसऱ्या डोळ्याचा विषय निघाला, तेव्हा बदलीला कळलं की आपलं काम झालं.

ऑपरेशन वेळेत निभावलं. ते पुढचं वर्ष दोघींनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकत्र काढलं, आणि खरं सांगायचं तर फार वाईट काढलं. डावखुरीचं मनगट अर्धं वर्ष आखडलेलं, बदलीचे गुडघे जिने उतरताना बोलायचे. पहिल्या फेरीत हरण्याचा त्यांनी सपाटाच लावला. एका स्पर्धेत तर धुतलेले कपडे वाळायच्या आत परतीच्या गाडीत बसल्या. मधे दोघींचं कडाक्याचं भांडणही झालं, डोक्यावरून गेलेल्या एका लॉबवरून, आणि चार दिवस दोघी एकाच खोलीत मूग गिळून बसल्या. पाचव्या दिवशी बदलीनेच आधी तोंड उघडलं, कारण आता तिला विचारायची सवय लागली होती. मधल्या काळात दुसऱ्यांचे फोन येत राहिले. ती सगळ्यांना तेच एक उत्तर द्यायची, आणि हळूहळू ते यायचे थांबले.

शेवटची स्पर्धाही पहिल्याच फेरीत संपली. कपडे बदलायच्या खोलीत दोघीच होत्या. बाकीच्या अजून खेळत होत्या, म्हणजे जिंकत होत्या. बदली बाकावर बसून गुडघ्याची पट्टी सोडत होती. डावखुरीने टॉवेलने तोंड पुसलं आणि रॅकेट पिशवीत घालता घालता, आजीची हकिकत सांगावी तशा सुरात विचारलं:

"पुढच्या वर्षी कुठून सुरुवात करू या?"

बदलीचे हात थांबले. एक वर्ष झाल्यावर दुसऱ्या वर्षाचं तिला कधीच कुणी विचारलं नव्हतं. तेही असं, उत्तर ठाऊक असल्यासारखं. तिला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं. डावखुरी घाबरून शेजारी येऊन बसली. गुडघा फार दुखतोय का, म्हणाली.

"दुखतोय," बदली डोळे पुसत म्हणाली. "पुढच्या वर्षी मी खेळणारच नाही गं. तुझ्यासाठी मी तोफेला विचारून ठेवलंय. ती हो म्हणालीये."